मत चुकतं का? एका वाचनपत्रकाच्या कामाच्या नोंदी

४ जून

बातमी ठरली. दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी आम्ही जे वाचनपत्रक काढतो, त्याच्या पुढच्या अंकात विद्यार्थ्यांच्या अभिरूप निवडणुकीवरची बातमी घ्यायची. बातमी जुनी आहे, अमेरिकेतल्या २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरची. जुनी आणि लांबची मुद्दाम निवडली. चालू निवडणुकीची बातमी आणली की मुलं घरून पक्ष घेऊनच येतात आणि वाचन बाजूला राहतं.

बातमीचा गाभा एवढाच. शालेय मासिकं काढणारी स्कोलास्टिक ही प्रकाशनसंस्था १९४० पासून दर अध्यक्षीय निवडणुकीत मुलांचं मतदान घेत आली होती. २०१६ मध्ये सुमारे १ लाख ५३ हजार मुलांनी मत दिलं. हिलरी क्लिंटन यांना ५२ टक्के, डोनाल्ड ट्रम्प यांना ३५ टक्के, उरलेले १३ टक्के इतरांना. प्रत्यक्षात ट्रम्प अध्यक्ष झाले. याआधी मुलांचा कौल दोनदाच चुकला होता, १९४८ आणि १९६० मध्ये. ही तिसरी वेळ.

अनुवाद, आठ-दहा अवघड शब्दांचे अर्थ, शेवटी प्रश्न. दोन आठवड्यांत व्हावं.

५ जून

मूळ इंग्रजी बातमीतल्या ‘मॉक इलेक्शन’मधल्या ‘मॉक’ला काय म्हणायचं यात सकाळ गेली.

सरकारी मराठीत ‘अभिरूप’ रुळलेला आहे. अभिरूप संसद, अभिरूप न्यायालय. पण मतदान यंत्रं नीट चालतात का हे पाहण्यासाठी खऱ्या मतदानाआधी जी चाचणी घेतात, तिलाही ‘अभिरूप मतदान’च म्हणतात. तिथे तपासायचं असतं ते यंत्र. इथे मत देणारी मुलं आहेत. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं तर मोठ्यांचाही गोंधळ उडेल.

‘लुटुपुटूची निवडणूक’ कानाला फार गोड लागतं. मुलांना लगेच कळेलही. पण लुटुपुटूच्या लढाईत कुणाला लागत नाही, कुणी मन लावून लढतही नाही. या मुलांनी उमेदवारांची माहिती वाचली, वाद घातले, मग मत दिलं. त्याला लुटुपुटूचं म्हणवत नाही. ‘सराव निवडणूक’ बरं आहे, थोडं कोरडं. ‘खोटी निवडणूक’ तर नकोच.

तूर्त ‘अभिरूप’ ठेवते आणि पुढे अर्थाऐवजी तुलना देते: नाटकाची रंगीत तालीम. वेशभूषा खरी, प्रकाशयोजना खरी, संवाद खरे. तिकीट मात्र विकलेलं नाही.

८ जून

पहिलं वाचन. पंधरा मुलं होती. कच्चा मसुदा दिला आणि सांगितलं, अडेल तिथे पेन्सिलीने गोल करा. अभिरूप, निर्वाचक, टक्केवारी या शब्दांवर गोल येतील अशी माझी अटकळ होती. आले, पण थोडे.

एका मुलाने घरी इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘मॉक’ पाहिलं होतं. अर्थ सापडला ‘थट्टा करणे’. त्यामुळे त्याने सगळी बातमी ‘मुलांनी निवडणुकीची थट्टा केली’ अशी वाचली आणि त्याला ती पूर्णपणे जुळलीसुद्धा! मुलांनी चुकीचा निकाल दिला, म्हणजे मुद्दाम गंमत केली. एका शब्दाचा अर्थ सरकला तरी अख्खी बातमी सुसंगत राहू शकते, हे मी विसरले होते. अडलं की मूल थांबतं आणि विचारतं. जुळलं की विचारत नाही. आता पेन्सिलीच्या गोलांवर माझा पूर्वीइतका भरवसा नाही.

‘कौल’वर चार गोल. दोघांना छपरावरचं कौल आठवलं. ते कौल, हा कौल. लिंग वेगळं, शब्द तोच. देवाला लावतात तो कौल फक्त एकीला ठाऊक होता. तिने समजावलं, “काय होणार ते देव सांगतो, तो कौल.” तेव्हा मला ते खटकलं नाही.

मग सहावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, मत चुकतं का?”

मी विचारलं, म्हणजे?

“इथे लिहिलंय, मुलांचा कौल तीनदा चुकला. पण त्यांना जे आवडले त्यांना त्यांनी मत दिलं. ते चूक कसं?”

मी म्हटलं, छान प्रश्न आहे, उद्या बोलू. खरं तर उत्तर तयार नव्हतं.

९ जून

रात्रभर तोच प्रश्न.

गणिताचं उत्तर चुकतं. उद्या पाऊस पडेल हा अंदाज चुकतो. मत ही पसंती आहे. मला काय हवं, एवढंच त्यात असतं. हरणाऱ्या उमेदवाराला मत देणारा मतदार चुकलेला नसतो, नाहीतर प्रत्येक निवडणुकीत हरलेल्या बाजूचे सगळे मतदार चुकले म्हणावं लागेल.

मग बातमी ‘चुकला’ का म्हणते? कारण तिने मुलांच्या मतदानाला भाकीत मानलं आहे. मुलं काय निवडतात यापेक्षा मुलं निकाल ओळखतात का, यात बातमीदाराला रस आहे. १९४० पासूनचा हिशेबही तसाच मांडला जातो: इतक्या वेळा बरोबर, इतक्या वेळा चूक. आणि मी अनुवादात ‘कौल’ हा शब्द घालून त्या समजुतीला हातभारच लावला. कालच्या मुलीने अर्थ अचूक सांगितला होता: काय होणार ते सांगतो तो कौल. ‘जनतेचा कौल’ असं आपण रोज वाचतो. त्यात पसंती आणि भाकीत दोन्ही मिसळून गेलेत आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

मसुद्यातला ‘कौल’ काढला. ‘मुलांचं मतदान’ केलं.

‘चुकला’ मात्र काढणार नाही. मूळ बातमीत तो सूर आहे आणि अनुवादकाने बातमी दुरुस्त करायची नसते. तो शब्द अधोरेखित करून समासात त्या मुलीचा प्रश्न तसाच छापायचा.

१० जून

जुन्या दोन ‘चुका’ काय होत्या ते लिहून काढलं, मुलांना सांगायला.

१९४८: मुलांनी थॉमस ड्युई यांना निवडलं, जिंकले हॅरी ट्रुमन. पण त्या वर्षी मोठमोठ्या जनमत चाचण्यांनीही ड्युईच येणार असं सांगितलं होतं. शिकागो ट्रिब्यूनने तर ‘ड्युईंनी ट्रुमन यांना हरवलं’ असा मथळा छापून टाकला, आणि विजयी ट्रुमन तो अंक हसत हसत उंच धरून उभे आहेत, हे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. १९६०: मुलांनी रिचर्ड निक्सन यांना निवडलं, जिंकले जॉन केनेडी. देशभरातल्या जवळपास ६ कोटी ८८ लाख मतांत दोघांमधला फरक सुमारे १ लाख १३ हजारांचा. म्हणजे सहाशे मतांमागे एक मत.

मुलांची पसंती इतक्या वेळा मोठ्यांशी जुळली कशी? घरात जे कानावर पडतं तेच मुलांच्या मतपत्रिकेवर उतरतं, असं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. घरचं ऐकून मत बनवणं मोठ्यांतही असतं; मोठ्यांच्या बाबतीत आपण त्याला मत म्हणतो आणि मुलांच्या बाबतीत पोपटपंची. पत्रकात हे घालणार नाही, पण इथे लिहून ठेवते.

१२ जून

दुसऱ्यांदा बसलो, अकरा जण. विषय आकडे.

“१ लाख ५३ हजार म्हणजे खूपच मुलं!” सगळ्यांचं एकमत. मी विचारलं, कशातली? अमेरिकेत सरकारी शाळांतच सुमारे ५ कोटी मुलं शिकतात. एकाने भागाकार केला: सव्वातीनशेमागे एक. तरी तो म्हणाला, “पण लाखाच्या वर आहे ना! मग बरोबरच येणार.”

इथे १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट सांगितली. लिटररी डायजेस्ट नावाच्या अमेरिकन साप्ताहिकाने जवळजवळ १ कोटी लोकांना चाचणीपत्रिका पाठवल्या. २३ लाखांच्या वर परत आल्या. त्यावरून त्यांनी जाहीर केलं, आल्फ लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. घोटाळा कुठे झाला? पत्ते घेतले होते दूरध्वनीच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीचा काळ. ज्यांच्याकडे फोन आणि गाडी, ते इतरांपेक्षा सुस्थितीतले. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवली ते आपणहून पाठवणारे.

ही गोष्ट मुलांना इतकी आवडली की दोनदा सांगावी लागली. सर्वांत लहान मुलाने विचारलं, “ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांना कुणी विचारलंच नाही?” नाही. “मग त्यांना कळलं का, की आपल्याला विचारलं नाही?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण हा प्रश्न मी कधी विसरणार नाही.

त्यानंतर बातमीकडे परत आलो तेव्हा प्रश्न आपोआप आले. या दीड लाखात कोण होती? स्वतःहून भाग घेतलेली. ज्या वर्गात शिक्षकांनी विषय काढला, त्या वर्गातली. बाकीच्यांचं काय मत होतं ते बातमी सांगू शकत नाही. मुलांना ‘नमुना’, ‘प्रातिनिधिक’ हे शब्द न देताच हे कळलं. मग शब्द द्यायचेच कशाला, असं वाटून ते वगळले. संध्याकाळी विचार बदलला. ‘प्रातिनिधिक’ ठेवते, कारण पुढच्या बातम्यांत तो भेटणारच, पण गोष्टीनंतर ठेवते.

१५ जून

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा. चुकले मी.

बातमीतला सर्वांत अवघड भाग आता उरला होता. २०१६ मध्ये देशभरात क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त पडली होती. मुलांनीही क्लिंटन यांनाच जास्त मतं दिली होती. मग मुलांची आणि मोठ्यांची पसंती निदान त्या मोजणीत जुळलीच! बातमी मुलं ‘चुकली’ म्हणते, कारण अध्यक्ष ठरतो निर्वाचकांच्या, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी. एकूण ५३८ निर्वाचक, जिंकायला २७० लागतात, आणि दोन राज्यं सोडली तर राज्यात ज्याला एकाही मताने आघाडी, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक.

हे फळ्यावर सांगून भागेना, म्हणून खेळ रचला. पंधरा मुलं, प्रश्न एकच: पुढच्या वेळी गोष्ट कोणती वाचायची, भुताची की प्रवासाची? चिठ्ठ्या टाकल्या. भूत ९, प्रवास ६. मग मी त्यांना तीन टेबलांवर बसवलं. पहिल्या टेबलावर प्रवास ३, भूत २. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर पाचही भूतवाले. आणि म्हटलं, आता टेबलं मोजू. दोन टेबलं प्रवासाची, एक भुताचं. प्रवास जिंकला.

क्षणभर शांतता, मग एकच गलका. तिसरं टेबल अक्षरशः उभं राहिलं. “आम्ही नऊ आहोत!” मला आनंद झाला, मुद्दा पोचला म्हणून. तेवढ्यात तिसऱ्या टेबलावरची एक मुलगी, आवाज न चढवता, म्हणाली, “तुम्ही चिठ्ठ्या बघितल्यात. मग आम्हाला मुद्दाम असं बसवलंत.”

खरं होतं. तिने दोन्ही गोष्टी पकडल्या. एक, गुप्त मतदान म्हणून चिठ्ठ्या घेतल्या आणि कुणाची कोणती ते बघून जागा वाटल्या. दुसरं, खेळातून मुलांनी काय नेलं? ‘कुणीतरी फसवलं म्हणून निकाल फिरला.’ अमेरिकेतल्या राज्यांच्या सीमा त्या निवडणुकीसाठी कुणी आखल्या नव्हत्या. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता. मी नियम दाखवायला गेले आणि लबाडी दाखवून आले.

मुलांची माफी मागितली. चिठ्ठ्या बघायला नको होत्या, हे स्पष्ट सांगितलं. गोष्ट भुताचीच वाचायची ठरली.

१६ जून

आज पुन्हा मांडणी. या वेळी आधी चिठ्ठ्या उडवून टेबलं ठरवली, ‘टेबलं मोजायची’ हा नियम आधी फळ्यावर लिहिला, मग मतदान. विषय: वाचन आधी की चित्र आधी. निकाल दोन्ही पद्धतींनी सारखाच आला. चित्र. नियम स्वच्छ ठेवला आणि दाखवायचं होतं तेच दिसेना! पण एका मुलाने बरोबर नेमकं सांगितलं: “रोज वेगळं येत नाही. कधीतरी येतं.” हे मला स्वतःहून सुचलं नव्हतं, आणि तेच खरं आहे. बहुतेक निवडणुकांत दोन्ही मोजण्या एकाच उमेदवाराकडे जातात.

पत्रकात खेळ नको, कागदावरची आकृती हवी. तीन चौकटी, प्रत्येकीत पाच ठिपके. बाजूला खरे आकडे: कॅलिफोर्नियात क्लिंटन सुमारे ४३ लाख मतांनी पुढे, पण निर्वाचक ५५ च. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी ७८ हजारांच्या आत, आणि निर्वाचक ४६. कॅलिफोर्निया म्हणजे आपलं तिसरं टेबल, असं मुलांनीच सांगितलं.

१९ जून

शब्दार्थांची चौकट निम्मी केली. काही विशेष नाही.

२२ जून

मुलांचा नवा प्रश्न, जरा रागातला: “मोजणारच नसतील तर मत द्यायचं कशाला?”

मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रश्न हाच आहे. ‘मोठेपणी सवय लागावी म्हणून’ हे उत्तर मुलांना रुचत नाही; आजच्या त्यांच्या मताला किंमत नाही असाच त्याचा अर्थ त्यांना लागतो. म्हणून इतरत्र काय करतात ते सांगितलं. कॅनडात ‘स्टुडंट व्होट’ नावाचा कार्यक्रम २००३ पासून चालतो. २०१५ च्या संघीय निवडणुकीत ९ लाखांहून जास्त मुलांनी त्यात मत दिलं. जर्मनीत ‘युनिओरवाल’ १९९९ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी मुलांचा निकाल खरं मतदान संपल्यावरच उघडतात.

“आधी का नाही सांगत?” मीच उलट विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण: “मोठ्यांनी आमचं बघून मत देऊ नये म्हणून.” दुसरी: “आणि आमचं मत म्हणजे अंदाज, असं वाटू नये म्हणून.” आयोजकांच्या मनातलं कारण तेच असेल असा माझा दावा नाही. पण आठ तारखेला ‘चुकतं का’ विचारणारी मुलगी बावीस तारखेला हे बोलली, म्हणून तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

अमेरिकेतलीच आणखी एक गोष्ट सांगितली. ॲरिझोनातले तीन गृहस्थ १९८७ मध्ये मासेमारीच्या सहलीला कोस्टा रिकाला गेले. तिथे मतदानाचं प्रमाण खूप जास्त आहे आणि आईवडील मतदानाला जाताना मुलांना बरोबर नेतात, असं त्यांनी ऐकलं. परत येऊन त्यांनी मुलांच्या मतदानाचा ‘किड्स व्होटिंग’ हा उपक्रम सुरू केला. मूल मत द्यायला निघालं की मागोमाग घरचेही निघतात, ही त्यातली कल्पना. मुलं खूश. “म्हणजे आम्ही त्यांना नेतो!”

वयाचा मुद्दा ओघाने आला. अठरा हा आकडा काही निसर्गाने ठरवलेला नाही. अमेरिकेत १९७१ पर्यंत बहुतेक ठिकाणी तो एकवीस होता, भारतात १९८९ पर्यंत एकवीस. ऑस्ट्रियात २००७ पासून सोळा आहे, ब्राझीलमध्ये सोळा-सतराला ऐच्छिक. दोन तेरा वर्षांच्यांनी बोटं मोजून पाहिली. हे सगळं पत्रकात एका चौकटीत जाईल, चार ओळींत.

२५ जून

चित्रकार मित्राशी चर्चा. त्याने मुखपृष्ठावर मोठ्या माणसांचे कपडे घातलेली मुलं काढली होती. ढगळ कोट, नाकावर घसरलेला चष्मा. चित्र सुंदर. पण ते ‘मोठ्यांची नक्कल’ असं ओरडून सांगतं, आणि मग ‘मॉक म्हणजे थट्टा’ वाचणारा तो मुलगा बरोबरच ठरेल. मित्राला सगळा प्रसंग सांगितला. तो कुरकुरला नाही. नवं चित्र: मुलगी मतपत्रिका घेऊन विचार करते आहे. आपल्याच कपड्यांत.

आत वर्तुळालेख. ५२, ३५ आणि १३. तिसऱ्या फाकेत काही लिहू नको म्हटलं. “इतर म्हणजे कोण?” हा मुलांचा लाडका प्रश्न आहे आणि बातमीने त्याला अर्धी ओळसुद्धा दिलेली नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर नसलेलं नाव लिहिण्याची सोय असते, एवढी टीप खाली. फाक कोरी राहील.

२ जुलै

अंतिम मसुदा. बातमीचा अनुवाद जवळपास पहिल्या दिवशी होता तसाच, फक्त ‘कौल’ गेला. त्याभोवतीचा मजकूर मात्र पूर्ण वेगळा. शब्दार्थ पाच. समासात मुलांचे प्रश्न सहा, त्यांच्याच शब्दांत. ‘बरोबर की चूक’ अशी प्रश्नावली शेवटी होती, ती काढली. तिच्याऐवजी एकच काम: बातमीतली प्रत्येक संख्या घ्या आणि पुढे लिहा, ‘कुणाला मोजून?’

दोन आठवड्यांचं काम चार आठवड्यांवर गेलं.

७ जुलै

छापील प्रती आल्या, मुलांना वाटल्या. ‘थट्टा’वाल्या मुलाने ‘अभिरूप’ची नोंद शोधून वाचली, आणि “शब्दकोशातला अर्थ चुकला नव्हता, पण इथला नव्हता” अशी स्वतःची बाजूही मांडली. ती मान्य.

जाताना पाहिलं, टेबलांच्या दिवशी मला पकडणारी मुलगी वर्तुळालेखातल्या कोऱ्या फाकेत पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. नाव असावं. मी जवळ गेले तशी तिने पत्रकाची घडी घातली. मी विचारलं नाही.